वरचं किती?

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात मुलगी बघायचा कार्यक्रम होता. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या मामांनी मुलाला विचारलं, "काय करता आपण?"

"बारामती एमआयडीसीत आहे. परचेसला."

"पगार?"

"हातात वीस-साडेवीस."

मामा क्षणभर थांबले. मग जरा पुढं सरकून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "परचेसला म्हणजे वरचं असणारच की, पाव्हणं. किती पडतं महिन्याला?"

मुलाचे कान लाल झाले. त्याचे वडील सतरंजीकडं बघत राहिले. "काही नाही पडत" असं त्यानं सांगितलं असतं तर मामांना ते खोटं वाटलं असतं. "पडतं" म्हणाला असता तर तो स्वतःच खोटा ठरला असता. मी मुलाकडच्या माणसांत बसलो होतो. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

तो प्रश्न मामांनी तोंडानं विचारला, एवढंच. मालक, मॅनेजर आणि संचालक मंडळं तोच प्रश्न मनात धरून पगार ठरवतात. "खरेदीतल्या माणसाला कशाला जास्त द्यायचं? तो काढतोच की." त्यानं न घेतलेली लाच त्याच्या पगारातून आधीच वजा झालेली असते. हा प्रामाणिक पोरांवरचा उघड अन्याय आहे, आणि आपल्या भागात तो रोज होतो.

आधी पगाराचा हिशोब करू. बारामतीच्या पेन्सिल चौकातून रोज सकाळी कंपनीत शिरणाऱ्या नव्या पोराला वर्षाचं पॅकेज तीन लाख सांगितलं, असं धरा. गावात तीन लाखांचा गवगवा होतो. महिन्याचे झाले पंचवीस हजार. मूळ पगार १५,००० धरला तर त्यावर कंपनीनं भरायचा भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये. तो पॅकेजातच धरलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सव्वासातशेच्या आसपास. तेही पॅकेजातच, आणि पाच वर्षं टिकला नाही तर बहुधा मिळणारच नाहीत. उरले साधारण साडेबावीस हजार. त्यातून त्याचा स्वतःचा निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात वीस हजार चारशे-पाचशे. ईएसआय म्हणजे कामगार विम्याची मर्यादा २१,००० रुपयांची. हा दीड हजारानं तिच्या वर गेला, म्हणून आई-वडिलांच्या दवाखान्याचं ते छत्रही गेलं. कंपनीनं वेगळा विमा काढला असेल तर ठीक, नसेल तर मोकळं आभाळ.

सातव्या वेतन आयोगात राज्य सरकारच्या लिपिकाचा मूळ पगारच १९,९०० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. दोन-तीन वर्षं परचेस केलेली पोरं राजीनामा देऊन अभ्यासिकेत जाऊन का बसतात, हे या दोन आकड्यांतच कळतं. त्यांना आळशी म्हणू नका.

आता काम बघा. परचेसचं काम म्हणजे फोनवर घासाघीस, असा समज आहे. प्रत्यक्षात खात्याकडून मागणी येते, तीन-चार पार्ट्यांकडून कोटेशन मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, दर, वाहतूक, कर आणि उधारीचे दिवस एका पातळीवर आणायचे, खरेदीची ऑर्डर (पीओ) काढायची, माल आला की स्टोअरशी ताळा घालायचा, नाकारलेला माल परत पाठवायचा. पार्टीनं जीएसटीचं विवरण भरलं नाही तर कंपनीचा परतावा अडकतो आणि बोलणी यालाच बसतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्यात ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात धरला जात नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासूनचा हा नियम. म्हणजे कोणती पार्टी नोंदणीकृत लघुउद्योग आहे, ही चौकशीही याच्याच टेबलावर आली. काम वाढलं, जबाबदारी वाढली. पदनाम मात्र 'असिस्टंट'च राहिलं.

साखर कारखान्यात तर ही जबाबदारी फारच मोठी. बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने आहेत. कारखान्याची सगळ्यात मोठी खरेदी उसाची. ती शेतकी खातं करतं, आणि दर, म्हणजे एफआरपी, दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये. विक्रीकडं बघितलं तर साखरेचा किमान दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढं कित्येक वर्षं तिथून हलला नाही. वरची बाजू बांधलेली, खालची बाजूही बांधलेली. मग सभासदाच्या पदरात दोन पैसे जास्त टाकायला कारखान्याच्या हातात उरतं काय? गाळपातली शिस्त, उपपदार्थ आणि खरेदी.

पोत्यांचंच उदाहरण घेऊ. एखाद्या कारखान्यानं हंगामात दहा लाख टन ऊस गाळला आणि उतारा अकरा टक्के पडला, तर साखर झाली अकरा लाख क्विंटल. पन्नास किलोच्या पोत्याच्या हिशोबानं पोती लागली बावीस लाख. त्यातली काही तागाची, कारण ठरावीक साखर तागाच्याच पोत्यात भरण्याचा केंद्राचा दंडक आहे. आता खरेदीतल्या माणसानं वेळेवर बाजार बघून, चार पार्ट्या समोरासमोर आणून पोत्यामागं एक रुपया वाचवला. बावीस लाख रुपये वाचले. महिना पंचवीस हजारांचा माणूस धरला तर हा त्याचा सात वर्षं चार महिन्यांचा पगार झाला. एका वस्तूवर, एका हंगामात. चुना, गंधक, कॉस्टिक, वंगण, बेअरिंग, मिलचे रोलर, वायर रोप आणि पंपाचे सुटे भाग अजून धरलेलेच नाहीत.

आणि रुपया वाचवणं ही त्याची अर्धीच किंमत आहे. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना एखाद्या बेअरिंगपायी आठ तास बंद पडला, तर साडेसोळाशे टनांवर ऊस गव्हाणीत, वाटेत आणि फडात खोळंबतो. नुसत्या एफआरपीच्या मूळ दरानं ती जवळपास साठ लाखांची वस्तू उन्हात वाळत असते. बैलगाडीवाला रात्रभर थंडीत बसतो, तोडलेल्या उसाचं वजन घटतं, साखर उतरते. ते बेअरिंग जुलै-ऑगस्टात, ओव्हरहॉलिंग चालू असताना मागवून स्टोअरला ठेवलेलं असतं, तर हे काहीच घडलं नसतं. ते ज्यानं आठवणीनं मागवलं, त्याचं नाव कुठल्याच अहवालात छापत नाहीत. कारण कारखाना बंद पडलाच नाही.

मग त्याचा पगार कसा ठरतो? सहकारी कारखान्यात तो राज्य पातळीवरच्या करारानं ठरतो. २०१९ च्या एप्रिलपासूनची १२ टक्के वाढ ठरायला २०२१ चा सप्टेंबर उजाडला. तो करार मार्च २०२४ मध्ये संपला, आणि पुढची १० टक्के वाढ ठरली ती २०२५ च्या पावसाळ्यात. साखर कामगार संघटनांनी हे लढून मिळवलंय आणि त्याचा मला आदर आहे. करार नसता तर एवढंही हातात आलं नसतं. पण करार श्रेणी बघतो. त्याच श्रेणीतल्या एका कारकुनाच्या सहीनं वर्षाला काही हजारांची स्टेशनरी येते आणि दुसऱ्याच्या सहीनं काही कोटींचा माल. दोघांना वाढ सारखीच. शिवाय माणूस कायम आहे की हंगामी, यावर सगळं ठरतं. हंगामीला गाळप संपलं की नुसता रिटेन्शन अलाउन्स. आणि खरेदीची खरी घाई असते नेमकी गाळप बंद असताना!

हा कराराच्या छताखालचा माणूस. कराराबाहेरचे वाढत चाललेत. 'ठेकेदारामार्फत' हा शब्द आता खतनिर्मिती, डिस्टिलरी, गोडाऊन ओलांडून ऑफिसात शिरलाय. ज्याच्या हातून कोट्यवधींच्या ऑर्डरी जातात, त्याचं ओळखपत्र मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं असतं. अकरा महिन्यांनी तो असेल की नसेल, हे त्याला माहीत नाही, पार्टीला मात्र बरोबर माहीत असतं. अशा माणसाला मोहात पाडणं किती सोपं असतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

एमआयडीसीत वेगळीच गाठ आहे. मोठ्या कंपन्यांची मोठी खरेदी बारामतीत होतच नाही. पोलाद, दूध भुकटी, इंजिनाचे भाग, यंत्रं यांचे वर्षाचे दर पुण्या-मुंबईच्या, कधी परदेशातल्या कार्यालयात ठरतात. बारामतीच्या टेबलावर उरतं हातमोजे, पुठ्ठ्याची खोकी, नटबोल्ट आणि गाड्यांचं भाडं. वर बसून दर ठरवणाऱ्याला पगार जास्त. खाली बसून तोच माल वेळेत दारात आणणाऱ्याला कमी. ट्रक चौफुल्याला बंद पडला तर रात्री दोन वाजता फोन कुणाचा वाजतो? खालच्याचा. बारामतीत राहायला स्वस्त पडतं, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. बारामतीत आता भाडी काय आहेत, ते एकदा विचारून बघा.

वस्तूवरही बरंच अवलंबून असतं, आणि इथं पोरांना मी हक्कानं सांगेन. वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं होतात आणि इस्रोच्या रॉकेटचे भागही होतात. भिगवणला कागदाची गिरणी. इंदापूरला दुधाचे मोठे प्रकल्प. धातूचं तपासणी प्रमाणपत्र वाचता येणारा, रसायनाची शुद्धता समजणारा, आयातीची कागदपत्रं सांभाळणारा माणूस सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून त्याला मागता येतं. हातमोजे मागवणाऱ्याच्या जागी दुसरा उद्या मिळतो. तेव्हा कुठलीतरी एक वस्तू मुळापासून शिका. एसएपी येणं आता सगळ्यांकडूनच धरलं जातं, त्यावर अडून बसू नका. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटची पदविका नोकरी सांभाळून करता येते, ती करा. आणि वर्षाच्या शेवटी, आपण किती वाचवलं आणि किती वेळा लाइन बंद पडण्यापासून राखली, याचा कागद स्वतः लिहून साहेबांसमोर ठेवा. तुमच्यासाठी तो दुसरं कुणी लिहिणार नाही.

टक्केवारीबद्दल गप्प राहून हा लेख पुरा होणार नाही. ती आहे. दिवाळीला खरेदी विभागाच्या दारात येणारी खोकी सगळ्यांनी बघितलीत. खाणारे आहेत, त्यांना पकडा आणि घरी पाठवा. पण खाणाऱ्यांमुळं न खाणाऱ्याचा पगार कापायचा, हा कुठला न्याय? कमी पगार देऊन चोरी थांबत नाही, उलट मन मारून सरळ राहिलेला आधी सोडून जातो. मग खुर्चीवर उरतो तोच, ज्याला पगाराची गरजच नसते. सहकारी संस्थेत तोटा झाला की सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी होते, कलम ८८ खाली जबाबदारी ठरते, आणि कागदावर सही केलेला नोकरही त्यातून सुटत नाही. सही कोटींची, जबाबदारी कोटींची. मग पगारच तेवढा कारकुनाचा का?

कारखान्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. अहवाल हातात येतो, आपण उसाचा दर विचारतो आणि घरी येतो. या वेळी आणखी तीन प्रश्न विचारा. खरेदी आणि स्टोअरमध्ये माणसं किती? त्यातली ठेकेदाराची किती? आणि त्यांच्या हातून वर्षाला खरेदी किती कोटींची होते? ही तीन उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्याच उसाचे पैसे त्या टेबलावरून जातात.

आणि मामा, तुम्ही हे वाचत असाल तर एक सांगतो. पोरगं चांगलं आहे. गेल्या दिवाळीला पार्टीनं घरी पाठवलेलं चांदीचं नाणं त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन परत दिलं होतं, पावती घेऊन. ती पावती मी बघितली आहे.