दोन कार्यक्रमांच्या मधली बाई

डिसेंबर उजाडला की बंगळूरच्या बसवनगुडीतल्या शाळांत अ‍ॅन्युअल डेचं वारं शिरतं आणि आमच्या मिरजेच्या काकूंना फोन येतो. काम एकच, दोन कार्यक्रमांच्या मधलं निवेदन लिहून द्यायचं. बोलणार नववीतला एक मुलगा आणि एक मुलगी, काकू विंगेत. नातू शाळेतून केव्हाच बाहेर पडला, काकू अजून शाळेतच आहेत. निवेदनाची भाषा इंग्रजी, मधूनमधून कन्नड. विचार मात्र अस्सल मिरजेचा.

"यानंतर सादर होत आहे..." असं लिहून मोकळं व्हायला काकूंचा सक्त विरोध. "मग निवेदक कशाला? फळ्यावर नंबर लिहा की!" त्यांना सांधा हवा. आणि तो सापडला नाही असं आजवर झालेलं नाही. कडलेकाई परिषेच्या, म्हणजे शेंगांच्या जत्रेच्या, नाचानंतर चांद्रयानाची नाटिका आहे? बसवण्णाला, म्हणजे नंदीला, वाहायची शेंग जमिनीखाली वाढते, पण याच बंगळूरची नजर चंद्रावर असते! झालं. एके वर्षी कन्नड कवी डीव्हीजींच्या 'मंकुतिम्मन कग्ग'चं पठण आणि त्याला लागून डोशावरचं प्रहसन, असा क्रम आला. शाळेतल्या बाईंनी हात टेकले. काकू म्हणाल्या, "अहो, कग्ग प्रसिद्ध झालं १९४३ साली, डोशाचं विद्यार्थी भवन सुरू झालं तेही १९४३ साली. एकाने बुद्धीची भूक भागवली..." पुढचं वाक्य मुलांनीच पूर्ण केलं.

कोळीनृत्यानंतर कानडी डोळ्ळु कुणित असलं की गोपाळ कृष्ण गोखले हजर! डीव्हीजींनी १९४५ मध्ये त्यांच्या नावाने इथेच संस्था उभी केली, यात काकूंना सीमाप्रश्नावरचा तोडगाच दिसतो. गोखल्यांचा आणि कोळ्यांचा संबंध काय, हे विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

निवेदन लिहायचं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. काळ्या शाईत मूळ मजकूर, हिरव्या शाईत 'वाढीव'. पडद्यामागे ढोल अडकला, घुंगरू तुटले, की काकू विंगेतून हात गोलगोल फिरवतात. मुलं हिरवं वाचू लागतात. (प्रेक्षकांना वाटतं, काय पाठांतर आहे!) मागे नवग्रहांच्या नाचाआधी शनी शू करायला गेला आणि त्याच्या नाडीला निरगाठ बसली. दोन शिक्षिका गाठीशी झुंजतायत, बाहेर निवेदिकेचं हिरवंही संपलं. काकू विंगेतून कुजबुजल्या, "केंपेगौडा घे, केंपेगौडा!" पोरगी हुशार. सोळाव्या शतकात बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांनी बसवण्णाचं देऊळ बांधलं इथून तिने जी सुरुवात केली ती गांधी बझारच्या फुलबाजारापर्यंत आली, आणि पुढच्या रांगेतले प्रमुख पाहुणे घड्याळ बघायला लागले, तेव्हा कुठे शनी प्रकटला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. काकूंनी ते अजून मनातून काढलेलं नाही.

आभार मानायचं काम मात्र ऑफिसातल्या क्लार्ककडे. मंडपवाले, माइकवाले, पालक, पोलीस, सगळी नावं तो एका दमात वाचतो. काकू तोवर चपला शोधायला निघालेल्या असतात.

"त्याला काय लागतंय?" त्या म्हणतात. "यादीच तर आहे. सांधा कुठंय त्यात?"