पॉप घ्यावं की आयमॅप? चकलांबेकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पायरी पहिली. आपल्याला ईमेल आयडी आहे का, हे आधी घरात विचारा. ‘आपल्याला कशाला लागतोय तो?’ असं उत्तर आलं, तर आहे असं समजा. पीकविम्याचा, स्कॉलरशिपचा नाहीतर पॅन कार्डाचा फॉर्म भरताना सेतूवाल्यानं तो काढलेला असतो. नाव तुमचं, पुढे जन्मसाल, मोबाइल नंबर पोराचा आणि पासवर्ड सेतूवाल्याच्या डायरीत.

पायरी दुसरी. डायरी गाठा. ‘आबा, कोणत्या सालची काढू?’ असं तो विचारील. चिडू नका. त्याच्याकडे अर्ध्या गावाचे पासवर्ड आहेत, आणि बहुतेकांचा एकच आहे.

पायरी तिसरी. आता निवड, म्हणजे सर्व्हरवरची पत्रं बघायच्या दोन पद्धतींतली एक: पॉप किंवा आयमॅप. मोबाइलवरचं जीमेल ॲप हा प्रश्न विचारतच नाही, ते आयमॅपच्याच वळणानं चालतं. पंचाईत होते ती कॉम्प्युटरवर आउटलुक नाहीतर थंडरबर्ड जोडताना. स्क्रीनवर दोन नावं येतात आणि सेतूवाला वरचं दाबून मोकळा होतो.

पॉप ही १९८४ची पद्धत. तेव्हा कॉम्प्युटर असलाच तर एक असायचा आणि फोनची लाइन चालू राहिली की बिल वाढायचं. म्हणून लाइन जोडायची, आलेली सगळी पत्रं आपल्या मशीनमध्ये उतरवायची, लाइन तोडायची. कापूस वेचून घरात टाकावा तसा हा कारभार: रानात बोंड राहत नाही आणि पुढं उंदीर लागले तर तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हाही लाइन टेलिफोनचीच होती, त्यामुळे पॉपला कुणी वेडं म्हणू नये.

पण आज काय होतं? सर्व्हरवर प्रत ठेवायची की पुसायची, हे सेटिंगमध्ये ठरतं आणि तिकडे कुणी फिरकत नाही. ते पुसण्यावर असलं की पत्र उतरतं सेतूच्या कॉम्प्युटरात आणि तुमचा मोबाइल कोरा. विम्याचं काहीच आलं नाही म्हणून तुम्ही तालुक्याला, गेवराईला चकरा मारता, दर खेपेला एक दिवस मोडतो. पत्र मात्र सेतूत सुखरूप असतं, मशीन फॉरमॅट होईपर्यंत.

आयमॅप १९८६चं, मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला रचलेलं. यात पत्र सर्व्हरवरच राहतं. कोणतं वाचलं, कोणतं पाठवलं, कोणतं कुठल्या फोल्डरात टाकलं, ही नोंदही तिथंच. पॉप फक्त इनबॉक्स ओळखतं, बाकीच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आता आपल्या तालुक्यातलं घर बघा. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर, पोरगा चाकणला कंपनीत, पोरगी बीडला कॉलेजात. आयडी एक, मोबाइल तीन. फडात मोबाइल हरवला तर मोबाइलच हरवतो, पत्रं नाही. तेव्हा आयमॅप घ्या. पॉप त्यांनी घ्यावं, ज्यांचा कॉम्प्युटर एकच आहे आणि जुनी पत्रं स्वतःच्या कपाटात ठेवल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही. अशी माणसं असतात, आणि ती अगदीच चुकीची नसतात.

कारण आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडे पुसतं. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यातच फोटो, त्यातच व्हॉट्सॲपचा बॅकअप. मावसभावाच्या लग्नाचे व्हिडिओ साठले की पोरगा चाकणहून साफसफाई करतो, आणि लग्नाऐवजी विमा उडतो. जीमेलच्या कचरापेटीत पत्र ३० दिवस राहतं. ओरडण्याआधी तिथं बघा.

पायरी चौथी. आयमॅपला पोर्ट ९९३, पॉपला ९९५. हे आकडे पाठ करू नका, भिंतीवर लिहा. शिवाय खातं अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसण्याचा नियम गूगलनं २०२३मध्ये आणला आहे, आणि स्कॉलरशिपपुरते काढलेले आयडी त्यात आधी जातात.

पायरी पाचवी. प्रोग्रॅम जुना असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. आधी दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. त्यासाठीचा ओटीपी पोराच्या नंबरवर जाईल. लगेच फोन लावा. पहिली पाळी असेल तर तीननंतर लावा, कंपनीत मोबाइल गेटवर जमा असतो.