एक दिवसाआड

‘मी गेले तर मागं कोण बघणार?’ असं म्हणणारी एक बाई प्रत्येक घरात असतेच. तुमच्याही घरात असेल, म्हणून ओळख करून देत बसत नाही. कुणाचं दूध उतू जातं, कुणाचा नवरा उपाशी राहतो, कुणाची तुळस सुकते. आमच्या भावजयीची भेंडी निबर होते.

धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. नारायणगावापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाची वाट. ऊस आणि टोमॅटो ही घरातल्या पुरुषांची पिकं. विहिरीलगतचं वीस गुंठे माळवं मात्र भावजयीचं. त्यात गवार आहे, वांगी आहेत, मांडवावर दोडका आहे, कडेनं मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत, पण ही सगळी प्रजा. राज्य भेंडीचं. भेंडी एकदा लागली की एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की शेंग बोटाची वीतभर होते, आत दाणा भरतो, शेंडा मोडायला जावं तर मोडत नाही, नुसता वाकतो. झाडही मग आपलं काम झालं असं समजून नवी फुलं धरायचं मनावर घेत नाही. शेती म्हणून हे सगळं बिनचूक आहे. फक्त ती ते शेतीपुरतं ठेवत नाही.

लग्नात अक्षता पडल्या की ही चपला शोधायला लागते. सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला गुरुजींकडे अशी बघते की गुरुजी दोन-दोन ओळी गाळतात. चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. भाऊबंद हात जोडून एकेक आश्वासन देत होते. नातवाला शिकवू म्हणाले, बांधाचा वाद मिटवू म्हणाले. कावळा ढिम्म. शेवटी ही मागून म्हणाली, ‘शिव रे बाबा, भेंडी निबर होईल.’ कावळा उतरला आणि शिवला. बांध अजून मिटलेला नाही, पण भेंडीबद्दल गावात तेव्हापासून आदर आहे.

तिला दिवस गेल्याची बातमी मला फोनवर कळली, ती अशी: ‘ताई, पुण्याहून येताना भेंडीच्या बियाण्याची दोन पाकिटं आणा, इथलं नीट उगवत नाही. आणि मला तिसरा संपून चौथा लागलाय.’ ह्याच क्रमानं. मी आनंदानं काही बोलणार, तोवर तिनं हिशोबही मांडला. डॉक्टरांनी जूनचा पहिला आठवडा सांगितलाय, लागवड जानेवारीच्या शेवटी धरली की मार्चमध्ये पहिला तोडा, मेअखेर प्लॉट उलगडतो, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. पाळणा कुठं टांगायचा याचा विचार बहुधा नंतर झाला असावा.

पुढचे महिने हा हिशोब मोडू न देण्यात गेले. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. नऊ तारीख आणि तोडा एका दिवशी आले की तोडा पहाटे. आशाताई लोहाच्या गोळ्या घेऊन घरी येईनाशीच झाली, सरळ बांधावर यायची. गोळ्या देऊन, कार्डावर खूण करून, पावशेर भेंडी घेऊन जायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जड उचलायचं नाही, सारखं वाकायचं नाही. ‘वाकायचं कुठं आहे?’ ही म्हणाली. ‘भेंडी वर येतेय ना. मार्चला गुडघ्याला होती, आता कमरेला लागलीय. पोट वाढतंय तसं झाडपण वाढतंय.’ यावर डॉक्टरीणबाईंना काही सुचलं नाही. मलाही नाही. क्रेट मात्र खरंच उचलायची नाही, पायानं ढकलायची. आणि फवारणीच्या दिवशी शेताकडे फिरकायची नाही. डॉक्टरांचं एवढंच तिनं अक्षरशः पाळलं. ओट्यावर बसून राहायची आणि दोनशे फुटांवरच्या नवऱ्याला ओरडून सांगायची, ‘वाऱ्याकडं तोंड करू नका! पानाच्या खालून मारा, मावा खाली असतो!’ आमच्या भावाला हेडफोन लावायची सवय ह्याच काळात लागली.

मी शहरातली नणंद. रिकामी कशी बसेन? गर्भसंस्काराचं संगीत फोनवर पाठवलं. शांत बसून, डोळे मिटून, सकाळी ऐकायचं असं लिहिलंसुद्धा. चार दिवसांनी विचारलं, तर म्हणाली, ‘ऐकते ना, तोडताना. फक्त मध्येमध्ये बंद करावं लागतं, भाव ऐकायचे असतात.’ सकाळी सहाला तिच्या फोनवर बाजारातला माणूस दहा किलोचे भाव सांगायचा आणि ते बाळाला सासूपेक्षा स्पष्ट ऐकू जात असणार. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूनं चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं आणि बाहेर पडायचं राहून गेलं. तरकारीच्या बाजाराचंही ज्ञान तेवढंच मिळतं, म्हणून मी फार वाद घातला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. तिचा भाऊ जीप घेऊन न्यायला आला. सातवा लागला होता, मुहूर्त बघितला होता, त्याच्या आईनं डिंक भाजून ठेवला होता. ‘एवढा तोडा होऊ दे,’ ही म्हणाली. पाहुणा माणूस, बसून काय करणार, म्हणून त्याच्या हातात खुरपं दिलं. संध्याकाळी तो दोन पोती काकडी आणि लचकलेली कंबर घेऊन एकटाच परत गेला. पुन्हा आला तेव्हा घरूनच सांगून आला होता की मी बसणार नाही, उभ्या उभ्या न्यायला आलोय. उभ्याचंही काम असतं. मांडवाची तार ताणायची होती.

आता डोहाळजेवण. ते मीच ठरवलं होतं. पुण्यात बागेतलं डोहाळजेवण करतात, नावेतलं करतात, चंद्रावरचंसुद्धा करतात. हॉलमध्ये थर्माकोलचा चंद्र, त्यावर घाबरून बसलेली गर्भारशी. मी म्हटलं आपल्याकडे खरी बाग आहे, तर बागेतलं करू. विहिरीशेजारच्या आंब्याला झोपाळा बांधला, झेंडू लावला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. नारायणगावातून फोटोवाला बोलावला. पंचक्रोशीतल्या बायका नटून आल्या. आमची आई तर नथ घालून आली, जी तिनं माझ्या लग्नातही घातली नव्हती.

मुहूर्त दुपारी तीनचा. दिवस तोड्याचा.

‘सकाळीच घेतला ना तोडा?’ मी दबक्या आवाजात विचारलं.

‘अर्धा झाला,’ झोपाळ्यावरून उत्तर आलं. ‘मग तुम्ही मेंदी काढायला बसवलं.’

बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली. पेढा का बर्फी, म्हणून झाकलेल्या दोन वाट्या पुढं केल्या. तिनं एक उचलली, आत काय निघालं ते बघितलंही नाही. तिची नजर वाट्यांच्या पलीकडं, सरीवर. ‘पाचला टेम्पो येतो,’ ती कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली. गाणं चालू राहिलं. ‘आज भाव बरा आहे.’ गाणं जरा मंदावलं. मग तिनं धनुष्य मांडीवर ठेवलं आणि अगदी सभ्यपणे, सगळ्यांकडे बघून ते वाक्य म्हणाली, जे तुम्हाला आता पाठ झालं असेल.

शेजारची म्हातारी पहिली उठली. तिनं नऊवारीचा पदर खोचला. मग तिची सून. मग आशाताई, जी पाहुणी म्हणून आली होती आणि डबा घेऊन जायच्या बेतात होती. दहा मिनिटांत सगळं डोहाळजेवण भेंडीत शिरलं. काठापदराच्या साड्या, गजरे, हातात क्रेट. पैठणी नेसून मीही. भेंडीला बारीक लव असते, हे मला माहीत होतं, म्हणजे वाचून माहीत होतं. ती मनगटापासून कोपरापर्यंत गेली की काय होतं हे त्या दिवशी समजलं. अनुभवी बाया देठ अंगठ्यात आणि बोटात धरून असा काही मोडतात की नुसता ‘कट्’ ऐकू येतो आणि शेंग क्रेटमध्ये असते. माझ्या हातून शेंगेबरोबर पान, फूल आणि एकदा अख्खी फांदी आली. झोपाळ्यावर फुलांचा मुकुट घालून बसलेली उत्सवमूर्ती वरून मला सांगत होती, ‘ताई, कवळी सोडा! बोटाएवढी झालेलीच घ्या!’ फोटोवाल्यानं त्या दिवशी जे फोटो काढले, त्यात एकाही बाईचा चेहरा नाही. हिरव्या झाडांतून वर आलेले गजरे आहेत. टेम्पो पाचला आला आणि साडेपाचला गेला. पुरणपोळ्या आम्ही सहाला गार खाल्ल्या, अंग खाजवत.

त्या रात्री मी चिडले होते. भावाची नाईट पाळीची लाइट होती. तो बॅटरी घेऊन पाण्याला गेला होता. ऊस आहे, बिबट्या आहे, त्यामुळे घरात कुणाला झोप नव्हती. दवाखान्याचं कार्ड उद्या लागेल म्हणून मी तिची सोनोग्राफीची फाइल उघडली. आत रिपोर्ट एक आणि बाजाराच्या पट्ट्या पन्नास असतील. भेंडी इतके किलो, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. प्रत्येक पट्टीच्या मागं पेननं काहीतरी लिहिलेलं. ‘दवाखाना.’ ‘आईंचा चष्मा.’ ‘दवाखाना.’ ‘बी.’ ‘दवाखाना.’ एकीवर ‘ताईंची साडी’ असं होतं. ती साडी मला त्याच दुपारी मिळाली होती. रंग मला आवडला नव्हता, आणि मी तो चेहऱ्यावर दाखवलाही असणार.

उसाचं बिल बँकेत जातं, टोमॅटोची पट्टी भावाच्या खात्यावर. फक्त भेंडीचे पैसे टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी रोख आणून देतो, तिच्या हातात. ‘मी तीन महिने माहेरी गेले,’ ती अंधारात म्हणाली, झोपली असेल असं मला वाटलं होतं, ‘तर हे इथं टोमॅटो लावणार. एकदा तार-काठी उभी राहिली की खर्च वसूल करायला पुढच्या वर्षीही टोमॅटोच. मग भेंडी कुठं लावू? परड्यात?’ एवढंच बोलली आणि कूस बदलली. त्या काळात कूस बदलणं हा मोठाच कार्यक्रम असतो, त्यामुळे पुढचं संभाषण झालं नाही.

बाळंतपणाची पगारी रजा 1961 च्या कायद्यानं बारा आठवडे होती, 2017 मध्ये ती 26 आठवड्यांची झाली. माझ्या ऑफिसात मुली ती घेतात आणि परत येतात तेव्हा त्यांची खुर्ची जागेवर असते. आमच्या भावजयीची खुर्ची वीस गुंठ्यांची आहे, आणि ती तशीच राहावी म्हणून राखायला बसलंच पाहिजे. हे मी इतके दिवस ‘हिला सवयच आहे, स्वतःला फार महत्त्वाची समजते’ या सदरात घालत होते. स्वतःला महत्त्वाची समजते हे अजूनही माझं मत आहे. फक्त ती चुकीचं समजते असं आता म्हणवत नाही.

मुलगी झाली. जूनमध्ये, सांगितलेल्या आठवड्यात, बिनतोड्याच्या दिवशी. माहेरी दीड महिना राहिली, भाऊ दोन्ही हात जोडून घेऊन गेला होता म्हणून. पण जाण्याआधी पावसाळी भेंडीचं बी टोबून गेली आणि नवऱ्याला वहीत तारखा लिहून दिल्या.

बारशानंतर मी गेले होते तेव्हा आम्ही चौघं ग्रामपंचायतीत गेलो, बाळाचं नाव नोंदवायला. तिथले भाऊसाहेब चांगले निघाले. म्हणाले, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यांनी तसं लिहिलं. भावजय वाकून बघत होती. स्वतःचं नाव सरकारी कागदावर मधोमध आलेलं तिनं दोनदा वाचलं.

‘भाऊसाहेब,’ ती म्हणाली, ‘सातबाऱ्यावर पण असंच लागतं का?’

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ‘लागतं की. लक्ष्मी मुक्ती म्हणून योजना आहे, कधीपासूनची आहे. शरद जोशींच्या संघटनेनं पहिल्यांदा त्या नावाची मोहीम काढली होती, मग सरकारनं आणली. नवऱ्यानं अर्ज करायचा, बायकोचं नाव सोबत लागतं. पण ते काम माझ्याकडं नाही. तलाठ्याकडं.’

‘तलाठी कधी बसतात?’

‘मंगळवारी.’

माझा भाऊ एवढा वेळ भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा तक्ता वाचत होता. तो एकदम वळला. ‘मंगळवारी कसं जमेल?’ तो म्हणाला. ‘मंगळवारी तोडा आहे.’

तिनं मुलीला माझ्याकडं दिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, ‘तोडा तुम्ही सकाळी उरकून घ्या. अकराला निघू.’