दुधाच्या बिलात नसलेली जनावरं

निमगाव केतकीच्या वस्तीवर गाय आजारी पडली की एका फोनवर डॉक्टर गोठ्यात हजर होतो. कासदाह असो, वार अडकलेली असो, अवेळी पोट फुगलेलं असो, मोटारसायकलचा दिवा उसाच्या बांधावरून येताना दिसतोच. यायलाच हवा. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर घरं चालतात. त्याच गोठ्याच्या दारात रात्रभर राखण करणारं कुत्रं रक्ताच्या हगवणीनं आडवं पडलं, तर मात्र कुणी फोन उचलत नाही. म्हणजे करतच नाही. केलाच तर उत्तर ठरलेलं असतं : बारामतीला न्या.

न्यायचं कसं? पोत्यात घालून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून. तेही हातातलं काम टाकून, आणि तोवर ते जगलं तर. पार्वो या विषाणूची लागण झालेलं पिल्लू उलट्या आणि हगवणीनं शरीरातलं पाणी गमावून मरतं. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. वेळेत सलाईन लावलं, उलटी थांबवली, सोबतच्या जंतुसंसर्गावर इंजेक्शन दिलं तर त्यातली बरीच पिल्लं वाचतात. यातलं काय गायीच्या डॉक्टरच्या बॅगेत नसतं? सलाईन असतं, सुई असते, औषध असतं. पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत कुत्र्या-मांजरांचं शिक्षणही असतं. गावानं ते कधी मागितलं नाही, म्हणून ते वापरात आलं नाही.

यात डॉक्टरांना झोडपायचं कारण नाही. श्रेणी एकच्या दवाखान्यात एक पशुधन विकास अधिकारी आणि त्याच्या अंगावर कितीतरी गावं. कितीतरी दवाखान्यांत तर पदवीधर डॉक्टरच नसतो, पशुधन पर्यवेक्षकावर कारभार चालतो. कृत्रिम रेतनाचं उद्दिष्ट, लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, पंचनामे, योजनांचे अर्ज. या यादीत कुत्रं कुठे बसणार? प्रश्न यादी करणाऱ्यांना आहे. पशुगणनेत कुत्री मोजतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री निघाली. मोजायला कुत्रं जनावर, आणि उपचाराच्या वेळी बारामतीचा रस्ता. हे चालणार नाही.

आणि यंत्रणा हलत नाही असं कुणी सांगू नये. 2022 मध्ये गायींना लम्पी त्वचारोग आला तेव्हा सरकारनं मोफत लस दिली, पथकं वाड्या-वस्त्यांवर फिरली, दावणीला बांधलेल्या गायींना टोचून गेली. बाजार बंद ठेवले. दुधाचं नुकसान दिसत होतं, म्हणून सगळे धावले.

रेबीजमध्ये तर माणूस मरतो. लक्षणं दिसू लागली की वाचण्याची आशा जवळजवळ संपते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्याकडून येतो, आणि रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांत 40 टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना असंही सांगते की परिसरातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते. आपण काय करतो? कुत्रं चावलं की माणसाला इंजेक्शनं देतो आणि कुत्र्याला काठीनं मारतो. लस टोचायची होती ती आधी, कुत्र्याला.

गोव्याकडे बघा. तिथं सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून गावोगाव जाळी घेऊन पथकं पाठवली. रस्त्यावरची कुत्री पकडली, टोचली, खूण केली, सोडून दिली. शाळांत मुलांना शिकवलं. 2018 पासून सलग तीन वर्षं माणसाच्या रेबीजचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. गोव्यात जे झालं ते इंदापूर तालुक्यात का होऊ नये, याचं उत्तर मला कुणीतरी समोर बसून द्यावं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. ग्रामपंचायतीही त्यात येतात. ग्रामसभेत हा विषय शेवटचा कधी निघाला?

कुत्रं चावलंच, तर जखमेवर मिरची नको, चुना नको, अंगारा नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मांजरानं ओरबाडलं किंवा चावलं तरी हेच. डोस अर्धवट सोडू नका.

मांजराचा विषय आला म्हणून सांगतो, कारण त्याचं तर कुणीच नसतं. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देतात. माणसाचं यकृत ती पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. गायीच्या अंगावरचे गोचीड मारायचं डेल्टामेथ्रिनसारखं औषध उरलं म्हणून मांजराला चोळतात. तेही त्याला विष आहे. ही मांजरं कुणी क्रूरपणानं मारत नाही. औषधाच्या दुकानात विचारायला माणूस नाही आणि दवाखान्यात मांजर नेण्याची रीत नाही, म्हणून ती मरतात. घरातलं धान्य उंदरांपासून राखणाऱ्या जनावराला एवढं तरी मिळायला हवं.

धनगरांच्या कुत्र्यांचंही तसंच. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि मेंढ्यांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्रीही आहेत. कुत्र्यातला डिस्टेंपर हा साथीचा रोग माळावरच्या लांडग्या-खोकडांपर्यंत पोचू शकतो. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या अभ्यासात गावकुत्र्यांत पार्वो आणि डिस्टेंपर दोन्ही पसरलेले दिसले, आणि खोकडांतही त्यांच्या लागणीच्या खुणा सापडल्या. आता माळावर सफारी सुरू झाली आहे, पाहुणे लांडगा बघायला येतात. लांडगा टिकवायचा असेल तर मेंढपाळाच्या कुत्र्याला लस द्यावी लागेल. वन खातं आणि पशुसंवर्धन खातं यांनी एका टेबलावर बसून हे ठरवायला काय हरकत आहे?

मागणी मोठी नाही. प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून एक दुपार कुत्र्या-मांजरांची, आठवडे बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी माणूस तसाही गावात येतो. दारावर पाटी लावा, वेळ लिहा. रेबीजची लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणून चालू फ्रिज आणि वीज गेली तर पर्यायी सोय. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आंतरवासिता करणाऱ्या मुलामुलींची शिबिरं इकडे भरवा. त्यांना हात चालवायला मिळेल, गावाला डॉक्टर मिळेल. लस विकत घ्यावी लागली तरी तिची किंमत पेंडीच्या एका पोत्याच्या कितीतरी खाली आहे. पोतं आपण घेतोच.

आणि एक तारीख अशी आहे जी कुणालाच पुढे ढकलता येत नाही. आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला येते. लाखोंचा समाज रस्त्याच्या कडेला, शेतात, शाळेच्या ओट्यावर झोपतो. पाण्याचे टँकर येतात, शौचालयं येतात, आरोग्य पथकं येतात, रथाच्या बैलांसाठी पशुवैद्यक येतात. मुक्कामाच्या गावातली कुत्रीही तिथंच असतात, उष्ट्या पत्रावळींभोवती, झोपलेल्या माणसांच्या उशाशी. लस टोचल्यावर कुत्र्याच्या अंगात पुरेशी ताकद यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून पालखीच्या तयारीची पहिली बैठक बसेल त्या दिवशी बारामतीपासून सराटीपर्यंतच्या गावांमधल्या कुत्र्यांचं लसीकरण कामाच्या यादीत लिहा, आणि ज्येष्ठ लागायच्या आत ते उरकून टाका.