मनगटावरची खतावणी

मुळशी धरणाकाठच्या आमच्या माल्यात 'घड्याळवाले आले' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या गटाचे? पुणे जिल्ह्यात घड्याळ हे आधी निवडणुकीचं चिन्ह आणि मग वेळ बघायचं साधन. अलीकडं मात्र या दोन्हींशी काडीचा संबंध नसलेले घड्याळवाले आमच्या रस्त्यावर दिसायला लागलेत. रविवारी उजाडायच्या आत चांदणी चौकातून निघायचं, पिरंगुट, पौड मागं टाकायचं, माल्यात गाडी लावायची आणि मग पळायचं. पळायला येण्यासाठी गाडी लागते, हे गणित गावाला अजून सुटलेलं नाही.

गाडीतून उतरल्या उतरल्या ही मंडळी पळत नाहीत. मनगट आभाळाकडं धरून उभी राहतात. उपग्रह सापडायचा असतो. सुरुवातीला आम्हाला वाटलं, मोबाइलची रेंज शोधतायत. चहाच्या टपरीवरच्या पोरानं तर न राहवून सांगितलंही, "दादा, धरणाच्या अंगाला जावा, तिथं दोन कांड्या येतात."

पण हे रविवारचे पाहुणे. दहाला मिसळ हाणून बाराच्या आत कोथरूडला परत. या जातीचा नीट अभ्यास करायचा तर नमुना कायमचा मुक्कामी पाहिजे, आणि तसा एक आमच्याकडं आहे. गाव त्यांना बुवा म्हणतं. बुवा कीर्तन करत नाहीत, अंगारा देत नाहीत. पण रोज पहाटे ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनं एकटा माणूस तोंडानं आकडे पुटपुटत जायला लागला, तर गाव दुसरं काय म्हणणार? उभी हयात बँकेत काढली, निवृत्त झाल्यावर धरणाचं पाणी दिसेल असं घर बांधलं आणि वहिनींना घेऊन इथं राहायला आले. पासष्टी झाली तेव्हा बंगळूरच्या मुलानं घड्याळ पाठवलं. तिथून सगळं सुरू झालं.

बुवा बँकेत होते हे विसरून त्यांच्या घड्याळाकडं बघण्यात अर्थ नाही. ते नोकरीला लागले त्या काळात संध्याकाळी ताळा जमल्याशिवाय कुणी घरी जात नसे. चार आण्यांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उलथीपालथी व्हायची. पुढं कॉम्प्युटर आले, फरक यायचा बंद झाला आणि बुवांच्या आयुष्यातली एक मौज गेली. घड्याळानं ती परत आणून दिली. आता दहा हजार पावलांचं खातं रोज रात्री बाराच्या आत बंद व्हावं लागतं. पावणेबाराला बुवा मनगट उचलून बघतात, ९,६४० दिसतात आणि अंथरुणातून उठतात. ओसरी ते मोरी, मोरी ते ओसरी. वहिनी कूस बदलून विचारतात, "काय हरवलंय?"

"तीनशे साठ."

नोंद नाही तो व्यवहारच नाही, हे बुवांचं मूळ तत्त्व. एकदा सातबाऱ्याच्या कामाला पौडला गेले, दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि संध्याकाळी ध्यानात आलं की घड्याळ घरी चार्जिंगला राहिलंय. काम झालं नाही याचं दुःख त्यांना नव्हतं. तेवढं चालणं बेहिशेबी गेलं याचं होतं. मी समजूत काढायला म्हटलं, "बुवा, सेनापती बापट १९२१ ते २४ या खोऱ्यात धरणाविरुद्ध पायाला भिंगरी लावून फिरले, त्यांचा कुठं हिशेब आहे?" बुवा विचारात पडले. म्हणाले, "तेच तर. नुसतं फिरले फिरले म्हणतात. किलोमीटर किती, कोणी सांगत नाही." मग मी बीडच्या अविनाश साबळेचं नाव काढलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, लहानपणी शाळेला दोन कोस चालत-पळत जायचा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. सोनं हुकलं ते एका सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. बुवा शांतपणे म्हणाले, "शाळेच्या वाटेवर घड्याळ असतं, तर ते पाच भाग तिथंच सापडले असते."

दहा हजार हा आकडा आला कुठून, हे एकदा मी त्यांना सांगून बसलो. त्यांना वाटत होतं, वैद्यकीय संशोधनातून. म्हटलं, नाही. १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपान्यांना व्यायामाचं वेड लागलं, आणि पुढच्या वर्षी यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. विकायला बरा, तोंडात बसणारा आकडा. अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या हजारो बायकांच्या पावलांचा अभ्यास २०१९ साली छापून आला, त्यात साडेसात हजाराच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो असं निघालं. बुवांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला गुणाकार मांडला आणि माझ्यापुढं सरकवला. दिवसाला अडीच हजार, गुणिले तीनशे पासष्ट, बरोबर नऊ लाख बारा हजार पाचशे. "एवढी जादा पावलं वर्षाला भरलीत मी. परतावा कुणाकडं मागायचा?" त्यानंतर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

सकाळी पळून परत येताना घड्याळात ९.८७ किलोमीटर दिसतात आणि घर तर समोर आलेलं असतं. अशा वेळी सामान्य माणूस घरात जातो. बुवा देवळाला वळतात. उरलेलं एकशे तीस मीटर देवळाभोवती पुरं करायचं, दहा झाले की थांबायचं. पाऊल अधिक नाही, उणं नाही. देवळात रोज फुलं वाहायला येणाऱ्या आजी बरेच दिवस हे बघत होत्या. माणूस घामानं निथळतोय, प्रदक्षिणा घालतोय, मधूनच मनगटाकडं बघतोय आणि देवाकडं न बघताच निघून जातोय. एक दिवस त्यांनी अडवलंच. "नवस फेडताय व्हय?" बुवांना धाप लागलेली, त्यांनी मान हलवली. आजींचा जीव कळवळला. "मग असं अर्ध्यात सोडू नये लेकरा, अकरा तरी घाल," म्हणून त्या पायरीवर मोजायला बसल्या. त्या दिवशी बुवांची नोंद १०.४१ वर गेली. अपूर्णांक बघून त्यांना जेवण गेलं नाही.

या घड्याळाची फिर्याद मात्र वहिनींकडून आली नाही. त्यांना ते आवडतं. का, ते ऐका. स्ट्राव्हा नावाचं ॲप पळणाऱ्याची वाट नकाशावर उमटवून ठेवतं. जगभरच्या अशा वाटा एकत्र करून ॲपवाल्यांनी नकाशा काढला, आणि २०१८च्या जानेवारीत कुणाच्या तरी लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड भागात काही रेषा चमकतायत. अमेरिकन सैनिक तळाच्या आतून गोल गोल पळत होते. गुप्त तळांचे आराखडे जगापुढं आले. जिथं लष्कर सापडलं, तिथं बुवा किती टिकणार? मुलानं वहिनींच्या फोनवर ते ॲप बसवून दिलं, काळजी म्हणून. वहिनींनी चष्मा लावून नकाशा बघितला. रेषा घरातून सरळ निघते, रस्त्यानं पुढं जाते आणि एका भजीच्या गाड्यापाशी येऊन लोकरीच्या गुंड्यासारखी होते. एकाच जागी बराच वेळ बसलं की उपग्रहाचा नेम दोन-चार मीटर इकडं तिकडं सरकत राहतो, त्याचा तो गुंता. संध्याकाळी वहिनींनी पानात भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "आज कांदाभजी होती का बटाटा?" तेव्हापासून बुवा गाड्याच्या अलीकडंच घड्याळ थांबवतात आणि भजी संपल्यावर पलीकडून पुन्हा सुरू करतात. नकाशावर ते तेवढा तुकडा सरळ रेषेत उडत जातात.

झोपेचंही खातं आहे. सकाळी बुवा ताजेतवाने उठतात, खिडकी उघडतात, धुकं बघून खूश होतात, मग घड्याळ बघतात. झोपेला शंभरपैकी चोपन्न. झालं. खांदे पडतात, जांभया सुरू होतात, चहा कडू लागतो. या दुखण्याला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली रीतसर नावसुद्धा दिलंय. ते मी बुवांना सांगितलेलं नाही. ते लगेच स्वतःला करून घेतील.

नाडीचा प्रसंग जरा गंभीर होता. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक कातडीखालचं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की यंत्राचा गोंधळ उडतो आणि ते पावलांचा तालच नाडी म्हणून दाखवायला लागतं. बुवा पळता पळता बघतात तर १६८. आता दोनशे वीसमधून वय वजा केलं की हृदयाची कमाल गती निघते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. माणसामाणसात त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पण बँकेच्या माणसाला ढोबळ म्हणजे काय हे कोण समजावणार? बुवांचं वय सदुसष्ट. कमाल एकशे त्रेपन्न. "म्हणजे पंधरा ठोके ओव्हरड्राफ्ट," असं म्हणून ते रस्त्याच्या कडेला बसले. दुधाच्या गाडीतून त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मनगट धरलं, म्हणाले चौऱ्याण्णव, आणि पट्टा एक भोक आत घ्यायला सांगितला. बुवांनी पट्टा घट्ट केला. विश्वास डॉक्टरांवर बसला नाही.

उन्हाळा-हिवाळा असा जातो. पावसाळा ही या पंथाची परीक्षा. मुळशीचा पाऊस पडायला लागला की दहा दहा दिवस थांबत नाही, आणि त्याचे थेंब घड्याळाच्या काचेला बोटांसारखे वाटतात. बुवा पळत असतात आणि पाऊस परस्पर बटणं दाबत असतो. कधी पळणं संपवून टाकतो, कधी पोहणं सुरू करतो, एकदा तर त्यानं मुलाला फोन लावला. त्यात वीज जाते. समोर धरण १९२७ पासून उभं. त्याचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि मुंबईला जाते. इकडं माल्यात पाण्याच्या काठाला बुवा अंधारात बसलेत आणि घरात उजेड तेवढा मनगटाखालचा हिरवा. तोही चार टक्क्यांवर आलेला. "फिरून या की व्हरांड्यात," वहिनी म्हणतात. "बंद पडणार आहे ते. मग चालू कशाला?" बुवा खरंच बसून राहतात. चालण्याचं कारणच संपलेलं असतं.

अशाच एका जुलैत त्यांना समाजसेवेची हुक्की आली. नवं घड्याळ घेतल्यानं जुनं कपाटात पडून होतं. शेजारच्या रानात आंबेमोहोराची लावणी चालली होती. तिथल्या मावशींची साठी कधीच उलटलेली. डोक्यावर इरलं आणि सकाळपासून चिखलात वाकून तरवा रोवतायत. बुवा बांधावर जाऊन म्हणाले, "मावशी, हे दिवसभर हातात घाला. तुमच्या तब्येतीचा अंदाज येईल." मावशी म्हणाल्या, "चिखुल लागंल की." बुवा म्हणाले, "पन्नास मीटर पाण्याचा दाब सोसतं." मावशींनी गुडघाभर पाण्याकडं बघितलं आणि हात पुढं केला.

मी बांधावरच होतो, म्हणून पुढचं सांगू शकतो. तासाभरानं मावशी एकदम हात झटकायला लागल्या. "काय चावलं का काय बाई, गुरगुरतंय." बुवा लगबगीनं पुढं झाले, मनगट वळवून वाचलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, बराच वेळ बसून आहात. उठा, जरा चाला."

ओळीनं वाकलेल्या सगळ्या बायका एकदम सरळ झाल्या. मावशींनी कमरेवर हात ठेवला. "त्याच्या आयला, ह्याला दिसत न्हाई व्हय?" पुढं बराच वेळ कुणी लावणी केली नाही, ज्या त्या बाईनं मावशींच्या मनगटाला तोंड लावून त्याला खाली ये म्हणून सांगून घेतलं.

संध्याकाळी मावशी ओढ्यावर पाय धूत होत्या, तिथं बुवा हिशेब घेऊन आले. वाकून रोवताना हात हलतो तो पावलाचा नव्हे, डोक्यावर तरव्याचा भारा धरला की हात हलतच नाही, आणि यंत्र तर हाताच्या झोक्यावरून पावलं धरतं. त्यामुळं आकडा आला तीन हजार एकशे चाळीस. बुवांचे त्या दिवशी दहा हजार बारा होते. चेहऱ्यावर मोठ्या मनाचं समाधान आणून ते म्हणाले, "मावशी, फार कमी आहे. बैठं काम जास्त होतंय तुमचं. रोज संध्याकाळी धरणापर्यंत चालत जात चला."

मावशींनी टाच दगडावर घासली. "खरं हाय बुवा. उद्या मी जाते फिराया. माझ्या जागी सकाळी सातला तुम्ही या. घड्याळ घालून या."

बुवा विचारात पडले. नवं घड्याळ उघडून त्यांनी यादी वर-खाली सरकवली. पळणं होतं, पोहणं होतं, योगासनं होती, बर्फावरून घसरणंसुद्धा होतं. लावणी नव्हती.

"पण मावशी, त्याला मोड कुठला लावायचा?"

"मोडती ती कंबर," मावशी म्हणाल्या. "बाकी काय मोडत न्हाई. सातला या."