बसायचं काम नाही

पनवेलमध्ये भाड्याचं घर बघायला गेलात की एजंट आधी घर दाखवत नाही. लॉबी दाखवतो. पाय घसरेल इतकी चकचकीत फरशी, फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेले पिवळे दिवे, भिंतीवर प्लास्टिकचं गवत. वरच्या वन बीएचकेत वॉशिंग मशीन ठेवायचं कुठे, हे सुचेपर्यंत टोकन देऊन झालेलं असतं.

त्यात आता विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्‌घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली आणि करंजाडे-उलव्यातल्या बिल्डरांना आपली लॉबी म्हणजे डिपार्चर लाउंज वाटू लागली. फरक इतकाच, की विमानतळावर बसू देतात.

इथेही सोफा आहे. सोफ्यावर प्लास्टिक आहे. प्लास्टिकवर ‘बसू नये’ अशी चिठ्ठी आहे.

मग तो आहे कुणासाठी? एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोसाठी.

बसतो तो एकटा वॉचमन. एक हात मोडलेल्या, सुतळीने बांधलेल्या खुर्चीत. अख्ख्या लॉबीत वापरात असलेलं फर्निचर तेवढंच आणि ते डिझायनरने दिलेलं नाही.

कारंजंही आहे, कोरडं. उन्हाळ्यात देहरंग धरण तळ दाखवतं, गेटवर टँकर लागतो. तेव्हा कारंजं सुरू करण्याची हिंमत कुठला सेक्रेटरी करील? सध्या त्यात रंगाचे रिकामे डबे ठेवलेत.

लिफ्टला आतून प्लायवूड. भाडेकरूंच्या सामानाने स्टीलला ओरखडे पडतील म्हणून, पहिल्या दिवसापासून. आता प्लायवूड ओरखड्यांनी भरलंय आणि मागचं स्टील कुणी बघितलेलंच नाही!

भाडेकरूला गच्ची बंद, क्लब हाऊस ‘फक्त सभासदांसाठी’. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. सरकारने २००१मध्ये त्याला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली, हे उपकारच. मालक ती रक्कम गुपचूप भाड्यात मुरवतो. म्हणजे सोफ्यावर न बसण्याचे पैसेही भाडेकरूच भरतो.

सरकारनेही भाड्याच्या घरांचा प्रयोग करून पाहिला. २००८च्या रेंटल हाउसिंग योजनेत एमएमआरडीएने १६० चौरस फुटांची खोली ठरवली. पनवेलजवळ कोनला इमारती उभ्या राहिल्या. एवढ्याशा जागेत संसार मावत नाही, हे नंतर उमगलं. मग दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं एक घर झालं आणि अशी २,४१७ घरं २०१६च्या सोडतीत गिरणी कामगारांना विक्रीला निघाली. मध्येच करोना आला, तिथे विलगीकरण केंद्र झालं. भाडेकरू? तो योजनेच्या नावातच राहिला.

गंमत अशी, की ही घरं ज्यांच्या नावाने निघाली, त्या गिरणगावच्या माणसांना बाकी सगळं ठाऊक होतं. खोली लहान असली की बैठक बाहेर लागते. चाळीच्या गॅलरीत भाजी निवडली जायची, अभ्यास व्हायचा, भांडणंही व्हायची. (भांडणं जास्त.) फॉल्स सीलिंग नव्हतं, म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

परवा एका सोसायटीच्या सभेत लॉबीच्या झुंबराचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. मागून एका आजींनी विचारलं, लिफ्टपाशी एक साधा बाक टाकता येईल का?

कमिटी एकमुखाने म्हणाली, नको. बाक टाकला तर लोक बसतील.