मंडळाचे बोधचिन्ह फुकटात कसे करून घ्यावे

जबलपूरच्या मराठी मंडळाला नवे बोधचिन्ह साधारणपणे दोन प्रसंगी लागते: रौप्यमहोत्सव जवळ आला की आणि कार्यकारिणी बदलली की. दोन्ही वेळी बैठकीत कुणीतरी पैशांचा प्रश्न काढतो. तो निघूच नये, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन. मांडववाल्याला पैसे द्यावे लागतात, हलवायाला द्यावे लागतात, साउंडवाल्याला तर आगाऊ मोजावे लागतात. मग चित्रकाराला का नाही? त्याचे काम हलके असते म्हणून नव्हे. बिल थकले तर मांडववाला बांबू सोडून घेऊन जातो. बोधचिन्ह एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडले की ते सोडून नेण्याची सोय कुठल्याच चित्रकाराकडे नाही. हा फरक ध्यानात आला की पुढची पद्धत आपोआप सुचते. आधी ‘नुसता कच्चा’ नमुना मागवावा, तो ग्रुपवर टाकावा, चार जणांकडून अंगठे मिळवावेत आणि मानधनाचा विषय त्यानंतरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात ठेवावा.

या पद्धतीला दाखला हवा असेल तर तो थेट राज्यघटनेचा आहे. घटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि त्या कामाचा एक पैसाही घेतला नाही. प्रत्येक खजिनदाराला हे वाक्य पाठ हवे. आता कुणी जाणकार सभासद आक्षेप घेईल की रायजादांनी पैसे घेतले नाहीत, पण अट घातली होती: प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचे. ती अट पाळलीही गेली. तोच सभासद जरा जास्त वाचणारा निघाला तर म्हणेल, लांब कशाला जाता, उद्देशिकेच्या पानाची नक्षीदार चौकट आपल्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी काढली. नंदलाल बोसांचे हे शिष्य, आणि त्या चौकटीच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरांत ‘राम’ अशी सही केली आहे. गोलबाजारच्या शहीद स्मारकातली भित्तिचित्रेही त्यांचीच. म्हणजे ज्यांनी फुकट केले त्यांनीही नाव मागून घेतले, आणि ज्या देशाने फुकट घेतले त्याने ते दिले. आक्षेप वजनदार आहे, पण गैरलागू आहे. देशाला देणगीदार नव्हते. मंडळाच्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत आश्रयदाते, उजवीकडे मिठाईचे दुकान, खाली कार्यकारिणीचे चेहरे आणि उरलेल्या जागेत गणपती असतो. त्यात चित्रकाराचे नाव कुठे बसवणार? म्हणून त्याला तोंडी सांगावे, ‘भैया, आपका नाम होगा.’ हे वाक्य जबलपुरात हिंदीतच म्हणतात. भविष्यकाळ कुठल्याही भाषेत सारखाच स्वस्त आहे.

बोधचिन्हात काय असावे, यावर मंडळाने मुळीच संकोच करू नये. शिवाजी महाराज हवेतच. गणपतीशिवाय मंडळ कसले. नर्मदामाईच्या गावात राहून नर्मदा नाही असे होणार नाही. नर्मदा आली की धुआँधार धबधबा आला, भेडाघाटचे संगमरवरी कडे आले आणि कड्यांवर चांदणे. मदनमहालचा तोल सांभाळून बसलेला खडक १९९७च्या भूकंपातही हलला नाही, तेव्हा मंडळाच्या अभेद्य एकीसाठी तोही घ्यावा. शिवाय राणी दुर्गावती, तुतारी, मशाल, उघडे पुस्तक, हस्तांदोलन. बरेच जण सिंहमुद्रा सुचवतात. त्यामागे अभिमानही रास्त आहे: घटनेच्या प्रतीसाठी ते सिंह रेखाटणारे दीनानाथ भार्गव बैतूलच्या मुलताईचे. पण २००५च्या कायद्याने त्या मुद्रेच्या गैरवापराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि हा दंड बहुतेक मंडळांच्या बोधचिन्हावरील तरतुदीपेक्षा जास्त असल्याने सिंह वगळलेले बरे. बाकी सगळे घ्यावे. चित्रकार कुरकुरेल की हे इंचभर रबरी शिक्क्यात उमटणार नाही, पावती पुस्तकावर नुसता शाईचा गोळा होईल. तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचे उदाहरण देईल. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाच्या स्पर्धेत त्यांनी फक्त गांधीजींचा चष्मा काढला, आणि ते बोधचिन्ह नोटेच्या कोपऱ्यापासून कचरागाडीपर्यंत कुठल्याही मापात ओळखू येते. याला उत्तर सोपे आहे. त्या स्पर्धेला निवड समिती होती आणि ५०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झालेले होते. ज्याने पैसे मोजलेत त्याला कमी रेषांत समाधान मानता येते; फुकट घेणाऱ्याला ताट भरलेलेच लागते.

दुरुस्त्यांच्या बाबतीत घटनेचा आदर्श मात्र ठेवू नये. उद्देशिकेच्या शब्दांत पहिली आणि आजवरची एकमेव दुरुस्ती १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने झाली, म्हणजे घटना लागू झाल्यानंतर २६ वर्षांनी. मंडळाला शुक्रवारच्या आरतीपासून शनिवारच्या आरतीपर्यंत तेवढा धीर धरवत नाही. भगवा थोडा गडद करा, फार गडद झाला, कार्याध्यक्षांच्या सूनबाईंना निळा आवडतो, महाराज उजवीकडे बघत होते ते डावीकडे बघू द्या. प्रत्येक सूचना ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणूनच कळवावी. फक्त एका जागी सूचना करू नये: जबलपूरच्या फ्लेक्सवाल्याचा हात हिंदीला सरावलेला असल्याने ‘मंडळ’चे ‘मंडल’ होऊन येते, आणि हे सहसा अनावरणाच्या वेळी व्यासपीठावरूनच दिसते. दोष अर्थात चित्रकाराचा.

आता कायदेपंडित सभासदाकडे वळू, कारण खरा धोका त्याच्याकडून आहे. तो सांगेल की १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तिचा कर्ताच असतो. सांगून काढून घेतलेल्या रंगचित्राला किंवा व्यक्तिचित्राला अपवाद आहे, पण तो मोबदला दिला असेल तरच. १९व्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. ५७व्या कलमाने तर हक्क विकल्यानंतरही कर्त्याचे नाव आणि कृतीची अब्रू त्याच्याकडेच राहते. अर्थ उघड आहे: मंडळाने पैसे दिले नाहीत, कागद केला नाही, म्हणून लेटरहेडवर, स्मरणिकेवर आणि दिंडीच्या पताकेवर मिरवणारे चिन्ह मंडळाचे नाही, त्या चित्रकाराचे आहे. जे फुकट मिळाले असे आपण समजत होतो ते मिळालेलेच नाही. हा युक्तिवाद खोडता येत नाही, म्हणून तो खोडण्याच्या भानगडीत पडू नये. मंडळाचे संरक्षण कायद्यात नाही, नात्यात आहे. चित्रकाराची मावशी महिला शाखेत असते, त्याचे वडील माजी सरचिटणीस असतात, आणि नोटीस पाठवणाऱ्या मुलाचे लग्न याच सभागृहात व्हायचे असते.

एवढे करूनही हल्लीचे काही चित्रकार काम घेण्याआधी एक पानी पत्र पाठवू लागले आहेत. त्यात असते: मंडळातर्फे बोलणारी व्यक्ती एकच, दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, स्मरणिकेत श्रेयनामावलीत नाव, मानधन जमेल ते, अगदी १ रुपयाही चालेल, आणि त्या बदल्यात सर्व हक्क कायमचे मंडळाला लिहून देत आहे. पत्र दिसायला निरुपद्रवी असते. खरे तर त्यात मंडळाचाच फायदा जास्त आहे, आणि तोच संशयास्पद आहे. ज्या चित्रकाराला एवढे नीट लिहिता येते, त्याला पुढच्या वर्षी साउंडवाल्यासारखे आगाऊ मागायलाही जमेल. तेव्हा पत्र नाकारू नये, स्वीकारूही नये. त्यावर मंडळातर्फे बोलणारी ती एकच व्यक्ती कोण असावी, हे ठरवण्यासाठी अकरा जणांची उपसमिती नेमावी.